चढाई, बर्फ आणि बेसिक कोर्स: एकच सॅक पुरेल का?

तुमचं म्हणणं मला असं समजलं. सह्याद्रीत बरीच वर्षं ट्रेक केलेत, घरी ६० लिटरची ट्रेकिंगची सॅक आहे. यंदा एका क्लबबरोबर प्रस्तरारोहण सुरू केलंत आणि सुळक्यांवर ती सॅक आडवी यायला लागली. डिसेंबरअखेरीस पत्नीसोबत केदारकंठा ठरलंय, पुढच्या मे-जूनमध्ये बेसिक कोर्स करायचाय आणि त्यानंतर मनालीजवळचं फ्रेंडशिप शिखर मनात आहे. बजेट दहा-बारा हजार. या सगळ्याला चालेल अशी एकच सॅक घ्यायची तर ४५ लिटरची घ्यावी की ५५? पत्नीसाठी वेगळी लागेल का? आणि जुनी विकून टाकावी का?

लिटरचा आकडा देतोच, पण आधी पेच कुठे आहे ते बघू. सॅकला दोन वेगवेगळी कामं असतात. चालताना तिने ओझं नीट वाहायचं असतं. त्यासाठी रुंद, जाड कमरपट्टा हवा, आत मजबूत फ्रेम हवी, सॅकचा वरचा भाग खांद्यांकडे खेचणाऱ्या वरच्या पट्ट्या हव्यात, बाटलीला खिसे हवेत. चढताना मात्र सॅकचं काम एवढंच, की ती अंगावर असूनही मध्ये येऊ नये. तिथे ती अरुंद, आखूड, पाठीला घट्ट चिकटणारी आणि बाहेरून गुळगुळीत हवी. या दोन्ही गोष्टी एका सॅकमध्ये पूर्णपणे जमत नाहीत. चढाईत जे आडवं येतं, तेच चालताना सुख देतं.

म्हणून निवड करताना मी स्वतःला एकच प्रश्न विचारतो: सॅक चुकीची निघाली तर सगळ्यात महाग कुठे पडेल? लांब चालीत चुकीच्या सॅकने खांदे दुखतात, संध्याकाळी कंटाळा येतो. कातळावर किंवा उभ्या बर्फाच्या उतारावर तीच सॅक तोल घालवते, वर बघू देत नाही, हार्नेसवरचं (दोर बांधायच्या कमरेच्या पट्ट्यावरचं) सामान हाताला लागू देत नाही. पहिला त्रास सोसता येतो, दुसरा धोक्याचा असतो. त्यामुळे मी सॅक चढाईच्या दिवसासाठी निवडतो आणि चालण्याच्या दिवसांत थोडी तडजोड करतो. शिकायला येणाऱ्यांनाही हेच सांगत आलोय.

अर्थात काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर ठरतील. सामान खेचरावर जाणार की स्वतःच्या पाठीवर, स्लीपिंग बॅग पिसांची आहे की सिंथेटिक, सोबत एजन्सी आहे की तुम्हीच चार मित्र सगळं उभं करणार आहात, यावर आकडा दहा-पंधरा लिटरने सहज इकडेतिकडे होतो. म्हणून तुमचे बेत एकेक करून तपासू.

आधी केदारकंठा. सांक्रीहून निघणारा हा ट्रेक साधारण ३,८०० मीटरपर्यंत जातो. डिसेंबरअखेर बर्फ असतो, पहाटेचा शिखराचा टप्पा कडक थंडीत होतो. तरीही तांत्रिक चढाई नाही. हार्नेस नाही, दोर नाही. तंबू आणि स्वयंपाक बहुतेक आयोजक सांभाळतात. तुमच्या पाठीवर असेल ते उबदार कपडे, पाणी, मायक्रोस्पाइक (बर्फावर पकडीसाठी बुटाखाली लावायचे छोटे खिळे), गेटर (बुटात बर्फ जाऊ न देणारं पायावरचं आवरण) आणि थोडं खाणं. हे सगळं तुमच्या ६० लिटरच्या सॅकमध्ये आरामात बसतं. या ट्रेकसाठी काहीही विकत घेऊ नका.

मग बेसिक कोर्स. उत्तरकाशीची नेहरू पर्वतारोहण संस्था असो, दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूट असो की मनालीची अटलबिहारी वाजपेयी संस्था, तिथे भांडारातून तुम्हाला सॅकसकट बहुतेक तांत्रिक साहित्य मिळतं. स्लीपिंग बॅग, बूट, क्रॅम्पॉन (बर्फासाठी बुटाला बांधायचे धातूचे दाते), आइस अ‍ॅक्स, सगळं नावावर चढवून दिलं जातं आणि शेवटी मोजून परत घेतलं जातं. प्रवेश पक्का झाल्यावर संस्थेची यादी येते, ती वाचा आणि फक्त त्यात ‘स्वतः आणावे’ असं लिहिलेलंच आणा. बेसिक कोर्ससाठी म्हणून ७० लिटरची नवी कोरी सॅक घेणारी मुलं मी दरवर्षी बघतो. ते पैसे चांगल्या बुटांवर गेले असते तर जास्त उपयोगी पडले असते.

आता उरले दोनच प्रसंग: सह्याद्रीतले सुळके आणि फ्रेंडशिपचा शिखराचा दिवस. तुम्हाला सॅक घ्यायची आहे ती या दोघांसाठी. आणि या दोघांची गरज बरीच सारखी आहे.

सुळक्यांचं आधी सांगतो, कारण तिथे तुम्ही जास्त जाणार आहात. लिंगाण्याचंच घ्या. मोहरी गावाहून निघायचं, बोराट्याच्या नाळेने (अरुंद, उभ्या घळीने) उतरायचं, रायलिंग पठार आणि लिंगाणा यांच्यामधल्या खिंडीत यायचं आणि तिथून चढाई. नाळेत मोठमोठे धोंडे. उतरताना सॅकचा तळ मागच्या दगडावर टेकतो आणि माणूस पुढे ढकलला जातो. बाजूच्या जाळीच्या खिशातली बाटली निसटली तर ती खालच्या माणसांच्या दिशेने जाते. म्हणून नाळेत उतरताना बाहेर काहीही लटकलेलं नको, असं मी आग्रहाने सांगतो. सॅकच्या बाहेर चहाचा मग, चपला, मॅट, बाटल्या टांगलेला माणूस चढाईच्या वाटेवर स्वतःला आणि इतरांनाही अडचण करतो.

आत काय भरता तेही बघा. ९.८ मिलिमीटर जाडीचा ६० मीटरचा दोर पावणेचार किलोच्या आसपास भरतो. हार्नेस, हेल्मेट, क्विकड्रॉ (दोर अडकवायच्या जोडकड्या), स्लिंग (पट्टीचे फास), कॅराबिनर (उघडझाप होणाऱ्या कड्या), डिसेंडर (दोरावरून उतरायचं साधन) मिळून तीन-चार किलो. पाणी चार लिटर म्हणजे चार किलो, आणि सह्याद्रीत त्याहून कमी नेऊन चालत नाही. खाणं, हेडटॉर्च, प्रथमोपचार धरून बारा-तेरा किलो झाले. पण हे सगळं ३५ ते ४० लिटरमध्ये मावतं. चढाईचं सामान जड असतं, फुगीर नसतं. ट्रेकिंगचं सामान याच्या उलट: स्लीपिंग बॅग, मॅट, कपडे जागा खातात पण वजन कमी. म्हणून ६० लिटरच्या सॅकमध्ये चढाईचं सामान टाकलं की ते तळाशी जाऊन बसतं, वरची निम्मी सॅक रिकामी राहते आणि पाऊल टाकताना सगळा भार उजवी-डावीकडे हलतो. तुम्हाला ती ‘आडवी येते’ असं जे वाटतंय, त्याचं अर्धं कारण हे आहे.

उरलेलं अर्धं कारण हार्नेस आणि हेल्मेट. कमरपट्टा जिथे बसतो तिथेच हार्नेसचा पट्टाही बसतो. जाड गादीचा कमरपट्टा हार्नेसच्या गिअर लूपवर (सामान अडकवायच्या गोफांवर) बसला की कॅराबिनर त्याच्याखाली दबतात. वर चढून स्टेशनला (थांब्याच्या जागी) पोहोचलात, स्वतःला अँकरला (कातळातल्या पक्क्या आधाराला) जोडायचंय आणि हात पट्ट्याखाली चाचपतोय, ही स्थिती मी खपवून घेत नाही. त्यामुळे चढाईच्या सॅकचा कमरपट्टा काढून ठेवता आला पाहिजे, किंवा गाद्या काढून नुसती साधी पट्टी उरली पाहिजे. तेही नसेल तर निदान तो मागे वळवून सॅकभोवती बांधता आला पाहिजे. पट्टा काढला की सगळा भार खांद्यांवर येतो, म्हणून प्रत्यक्ष चढताना पाठीवर आठ-नऊ किलोंच्या वर जाऊ देऊ नका. तशी वेळ फारशी येतही नाही, कारण पायथ्याला दोर, हार्नेस आणि हेल्मेट बाहेर आलं की सॅक निम्मी होते. अशा वेळी बाजूच्या पट्ट्या आवळून ती चपटी करता यायला हवी. भरलेली असताना सगळ्याच सॅक चांगल्या वाटतात. निम्मी रिकामी झाल्यावर कशी वागते, ते तपासा.

हेल्मेटचं असं, की सॅक उंच असली किंवा तिचं झाकण वर उचललेलं असलं तर मान मागे टाकताच हेल्मेट त्यावर आपटतं आणि पुढे डोळ्यांवर येतं. लीडरला (पुढे चढणाऱ्याला) बिले देताना, म्हणजे खालून त्याचा दोर सांभाळताना, तुम्हाला सतत वर बघायचं असतं. वरून दगड सुटला तर तो दिसायलाच हवा. म्हणून सॅकची उंची खांद्यांच्या फार वर जाऊ नये आणि झाकण सुटं करता यावं.

चिमणी, म्हणजे दोन कातळांमधली अरुंद उभी फट, चढायची असेल तर पाठीवर सॅक ठेवून ती चढूच नका. लांब स्लिंगने हार्नेसला खाली टांगा किंवा वरून ओढून घ्या. त्यासाठी सॅकच्या वरच्या टोकाला, दोन्ही खांदेपट्ट्यांच्या मध्ये एक मजबूत ओढकडी असते. काही सॅकवर ती नुसती दुकानातल्या खुंटीला अडकवण्यापुरती असते. दोन बोटं घालून जोरात खेचा, शिलाई कुठपर्यंत गेलीय ते बघा. चढाईच्या चांगल्या सॅकना समोरच्या बाजूलाही एक कडी असते, म्हणजे दोन बिंदूंवर टांगून सॅक सरळ वर येते. आपला बेसॉल्ट खरखरीत असतो. एक-दोनदा ओढून घेतलं की पातळ कापडाला भोकं पडायला वेळ लागत नाही.

आता बर्फ. इथे सह्याद्रीत शिकलेल्या दोन-तीन सवयी उलट्या कराव्या लागतात.

पहिली म्हणजे पाठीची जाळी. आपल्याकडे घामामुळे पाठ आणि सॅक यांच्यात हवा खेळेल अशी ताणलेली जाळी सगळ्यांना आवडते. मलाही मार्चच्या उन्हात आवडते. पण बर्फात त्या पोकळीत हिम शिरतं, अंगाच्या उबेने वितळतं, थांबलात की गोठतं. शिवाय जाळीमुळे भार पाठीपासून काही सेंटिमीटर मागे जातो. सपाटीवर ते जाणवत नाही, उतारावर क्रॅम्पॉन रोवून आडवं चालताना चांगलंच जाणवतं. बर्फासाठी साधी फोमची पाठ हवी, वर गुळगुळीत कापड, म्हणजे हिम हाताने झटकलं की पडतं.

दुसरी गोष्ट बकलं आणि दोऱ्या. जाड हातमोजे घालून जी गोष्ट उघडता येत नाही ती बर्फात निरुपयोगी समजा. पहाटे तीनला, वाऱ्यात, एक छोटं बकल उघडायला हातमोजा काढलात की बोटं बधिर व्हायला वेळ लागत नाही, आणि बधिर बोटांनी मग पुढचं काहीच धड होत नाही. बकलं मोठी हवीत, तोंडाच्या दोरीला पकडायला मोठा गोफ हवा. चेनची उघडझाप जितकी कमी तितकं बरं, कारण चेनीत ओलावा गोठला की ती जागची हलत नाही. वरून उघडणारी, एकाच तोंडाची, साधी पिशवीसारखी सॅक बर्फात सगळ्यात कमी दगा देते. तळाशी वेगळा कप्पा, समोर मोठी चेन, बाजूला चार खिसे हे सगळं दुकानात छान दिसतं, पण प्रत्येक चेन ही वजन आहे आणि बिघडू शकणारी जागा आहे.

तिसरी गोष्ट पाणी. नळीची पिशवी सह्याद्रीत उत्तम. उणे तापमानात नळीतलं पाणी आधी गोठतं आणि मग पिशवीत दोन लिटर पाणी असूनही तुम्ही तहानलेले. बर्फात रुंद तोंडाची बाटली घ्या, मोज्यात गुंडाळा आणि सॅकच्या आत उलटी ठेवा. पाणी वरच्या बाजूने गोठायला लागतं, त्यामुळे बाटली उलटी असली की झाकणाकडचं पाणी पातळ राहतं. झाकण मात्र घट्ट आणि गळती न होणारं हवं. सोबत छोटा थर्मास असला तर फारच चांगलं. याचा सॅकशी संबंध असा की, बाहेरचे बाटलीचे खिसे बर्फात रिकामेच राहतात आणि हिमाने भरतात. ते आहेत म्हणून सॅक नाकारू नका, पण त्यांच्यासाठी पैसेही देऊ नका.

पावसाचं कव्हरही मी बर्फात वापरत नाही. वारा सुटला की ते फुगतं, उडून जातं, आणि उतारावर ठेवलेली सॅक त्या गुळगुळीत कव्हरामुळे घसरत जाऊ शकते. खरं तर आपल्या पावसातही कव्हर पुरेसं नसतं, पाणी पाठीच्या बाजूने आत उतरतंच. त्यापेक्षा सॅकच्या आत एक जाड प्लास्टिकची मोठी पिशवी घाला आणि सगळं सामान तिच्यात भरा. खताच्या गोणीत आतून जी जाड पिशवी येते, तशी नवी, कोरी मिळाली तर तीही चालते. वर पीळ देऊन आत दुमडली की पाऊस आणि बर्फ दोन्हींचं काम झालं.

आइस अ‍ॅक्ससाठी बहुतेक सॅकवर खाली एक गोफ आणि वर एक पट्टी असते. अ‍ॅक्स वरून खाली गोफात घाला, दांडा उलटा वर फिरवा, पट्टीने आवळा. नव्या चढाईच्या सॅकमध्ये पात्याला अडकवायची छोटी पट्टी आणि खोबण असते, ती जास्त घट्ट धरते. दोन्ही पद्धती चालतात, फक्त पातं मधल्या बाजूला वळलेलं असू द्या आणि टोकांना टोपी घाला. क्रॅम्पॉन मी आत ठेवतो, जाड कापडी पिशवीत, वरच्या बाजूला. बाहेर लोंबणारे क्रॅम्पॉन मागच्या माणसाचं जॅकेट फाडतात, कधी गालही.

हिमनदीवर दोराला बांधून चालताना जड सॅकचा आणखी एक धोका आहे, तो कोर्समध्ये तुम्हाला शिकवतील पण आत्ताच डोक्यात असू द्या. दोर कमरेला बांधलेला असतो. हिमदरीत पडलात तर पाठीवरची जड सॅक अंगाचा वरचा भाग मागे खेचते आणि माणूस उलटा होऊ लागतो. म्हणून जड सॅक असेल तर छातीचं हार्नेस जोडतात, आणि सॅक एका स्लिंगने दोराला जोडून ठेवतात, म्हणजे लटकलेल्या अवस्थेत ती अंगावरून काढून खाली सोडता येते. इथेही ओढकडी मजबूत असण्याला पर्याय नाही.

तर आकडा. ४५ नाही आणि ५५ही नाही, तुम्ही ३८ ते ४२ लिटरच्या दरम्यानची चढाईची सॅक घ्या, वर उंच ओढता येणारं तोंड असलेली. दोर झाकणाखाली अडकवायची पट्टी हवी, म्हणजे सुळक्याच्या दिवशी दोर आत जागा खाणार नाही. रिकाम्या सॅकचं वजन एक ते दीड किलोच्या दरम्यान असावं. ६० लिटरच्या ट्रेकिंग सॅक बहुधा दोन किलोच्या आगेमागे असतात. कंपन्यांची लिटर मोजायची पद्धत सारखी नसते, कुणी झाकणाचा कप्पा धरतं, कुणी धरत नाही. त्यामुळे लेबलपेक्षा तुमचं सामान त्यात बसतं का ते बघा.

५,२८९ मीटरच्या फ्रेंडशिपला शिखराच्या दिवशी काय लागेल ते मोजून बघा. हार्नेस, हेल्मेट, क्रॅम्पॉन अंगावर, दोर बांधलेला. सॅकमध्ये पिसांचं जॅकेट, जास्तीचे हातमोजे, पाणी, थर्मास, खाणं, गॉगल, प्रथमोपचार. सात-आठ किलो. झाकण काढून ठेवलेली ४० लिटरची सॅक यासाठी अगदी बरोबर. प्रश्न उरतो तो वरच्या कॅम्पपर्यंत सामान चढवण्याचा. त्या दिवशी बूट, स्लीपिंग बॅग, मॅट, तांत्रिक साहित्य मिळून पंधरा-अठरा किलो होतात आणि ते ४० लिटरमध्ये बसवणं कठीण. एजन्सीबरोबर गेलात तर खेचर आणि पोर्टर असतात, डफल बॅग त्यांच्याकडे आणि ४० लिटरची सॅक पाठीवर. स्वतःच्या पाठीवर न्यायचं ठरवलंत तर ६० लिटरची जुनी सॅक घ्या आणि नव्या सॅकची फ्रेम काढून ती घडी करून आत ठेवा. वर गेल्यावर बदला.

एकच अपवाद सांगतो. पुढच्या दोन-तीन वर्षांत मित्रांबरोबर, पोर्टरशिवाय, आठवडाभराच्या मोहिमा करण्याचा तुमचा खरोखर बेत असेल, तर माझं उत्तर बदलेल: मग ५० ते ५५ लिटरची, पण चढाईच्या घाटाची, झाकण आणि कमरपट्टा काढता येणारी सॅक घ्या. पण आज तुम्ही जे लिहिलंय त्यात तसा बेत मला दिसत नाही.

मापाबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण याच ठिकाणी लोक सगळ्यात जास्त घाई करतात. सॅकचं माप तुमच्या उंचीवर ठरत नाही, पाठीच्या लांबीवर ठरतं. मान पुढे झुकवा, मानेच्या तळाशी जे हाड ठळकपणे हाताला लागतं ते वरचं टोक. मग दोन्ही हात कमरेवर ठेवा, अंगठे मागे, बोटं कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेवर. दोन्ही अंगठ्यांना जोडणारी रेषा जिथे मणक्याला छेदते ते खालचं टोक. या दोन टोकांमधलं अंतर कुणाकडून तरी मऊ टेपने मोजून घ्या. कंपनीच्या तक्त्यात तुमचा आकडा कुठे बसतो ते बघा आणि दोन मापांच्या सीमेवर असाल तर दोन्ही घालून बघा. पाठ लांब पडली तर कमरपट्टा पोटाखाली उतरतो आणि भार खांद्यांवर राहतो, आखूड पडली तर पट्टा पोटावर चढतो.

वहिनींच्या सॅकचं उत्तरही यातच आहे. कमी लिटरची सॅक म्हणजे लहान मापाची सॅक नव्हे. पाठ आखूड असेल तर ४० लिटरचीही लांब पाठीची सॅक त्यांना त्रास देईल. बायकांसाठी बनवलेल्या सॅकमध्ये खांदेपट्ट्या अधिक जवळ आणि छातीपाशी वळलेल्या असतात, कमरपट्ट्याचा कोनही वेगळा असतो. हा फरक खरा आहे, नुसता रंगाचा नाही. केदारकंठ्यासाठी त्यांना ४५ ते ५० लिटरची, पाठीचं माप बदलता येणारी साधी ट्रेकिंग सॅक पुरेल. त्या यापुढे नियमित येणार का हे ठरलं नसेल तर या वेळेस क्लबातल्या कुणाची मागून घ्या.

कापडाबद्दल दोन गोष्टी. डेनियर हा आकडा धाग्याचा जाडपणा सांगतो: त्या धाग्याची ९,००० मीटर लांबी भरेल तितके ग्रॅम. अंगाला साधारण २१० आणि तळाला ४२० किंवा त्याहून जास्त डेनियरचं नायलॉन असेल तर आपल्या कातळावर बरी टिकते. त्याच जाडीच्या पॉलिएस्टरपेक्षा नायलॉन घासाला जास्त तग धरतं. दुसरी गोष्ट आतल्या लेपाची. स्वस्त असो की महाग, बहुतेक सॅकना आतून पॉलियुरेथेनचा लेप असतो आणि दमट हवेत तो कालांतराने चिकट होतो, वास मारतो, मग पापुद्रे सुटतात. पुण्या-मुंबईत आणि कोकणात सॅक मरतात त्या बहुधा अशा, कपाटात पडून. पावसाळ्यात प्रत्येक ट्रेकनंतर सगळे कप्पे उघडून, उलटी करून, सावलीत पूर्ण वाळवा. माळ्यावर प्लास्टिकमध्ये बांधून ठेवू नका. साबणाच्या पावडरीने घासू नका आणि वॉशिंग मशिनमध्ये तर मुळीच टाकू नका.

दुकानात जाताना स्वतःचं हार्नेस, हेल्मेट, जाड हातमोजे आणि जमलं तर क्लबचा दोर घेऊन जा. विक्रेत्याला विचित्र वाटलं तरी चालेल. दोर आणि भरलेल्या बाटल्या घालून दहा-बारा किलो करा. आधी हार्नेसशिवाय घाला: कमरपट्टा आधी आवळायचा, मग खांदेपट्ट्या, मग वरच्या पट्ट्या, शेवटी छातीची. वीस-पंचवीस मिनिटं फिरा, जिना असेल तर चढा-उतरा. मग हार्नेस आणि हेल्मेट घालून पुन्हा. छताकडे बघा, हेल्मेट लागतं का? गिअर लूप हाताला लागतात का? गुडघा छातीपर्यंत उचला, कमरपट्टा अडतो का? हातमोजे घालून सगळी बकलं उघडा, लावा. मग अर्धं सामान काढा, पट्ट्या आवळा आणि उडी मारून बघा, सॅक अंगाबरोबर हलते की मागून वेगळी. एवढं केल्यावर कुठली घ्यायची हे मला विचारायची गरज उरणार नाही.

ब्रँडबद्दल थोडक्यात. मॉडेलचं नाव देत नाही, ती सतत बदलतात. दहा-बारा हजारांत ३८-४२ लिटरची साधी चढाईची सॅक मिळायला हवी. डेकॅथलॉनमध्ये गेलात तर ट्रेकिंगच्या सॅकपाशी न थांबता त्यांच्या सिमाँड या गिर्यारोहणाच्या विभागात बघा. ऑस्प्रे, ड्यूटर, ब्लॅक डायमंड यांच्याही चढाईच्या सॅक आहेत, त्यांच्या किमती बजेटच्या वर जाऊ शकतात. बजेट ताणायचं असेल तर ते फिटिंगसाठी ताणा, खिशांसाठी नको. क्लबातल्या कुणाकडे तुम्हाला आवडलेली सॅक असेल तर एका रविवारी लोणावळ्याजवळच्या नागफणीच्या कड्यावर ती मागून न्या. दुकानातल्या अर्ध्या तासापेक्षा तो एक दिवस जास्त सांगेल.

पुढेमागे गुलमर्ग किंवा औलीला स्कीइंगकडे वळलात तर तिथल्या सॅकची गरज वेगळी आहे. फावडं आणि प्रोबसाठी (हिमाखाली गाडलेल्याचा शोध घ्यायच्या काठीसाठी) चटकन उघडणारा स्वतंत्र कप्पा, स्की अडकवायच्या पट्ट्या वगैरे. ते आत्ताच या सॅकमध्ये शोधू नका.

राहिली जुनी सॅक. विकू नका. फ्रेंडशिपला सामान चढवायला तीच लागणार आहे आणि केदारकंठ्याला तर आठ-दहा आठवड्यांत निघायचंय. आज रात्री ती रिकामी करा, आतून हात फिरवा. लेप चिकट झाला असेल तर आतली प्लास्टिकची पिशवी अनिवार्य समजा. खांदेपट्ट्या सॅकला जिथे शिवल्या आहेत तिथे धागे सुटलेत का बघा. सुटले असतील तर सॅक आणि बॅगा शिवणाऱ्या कारागिराकडून जाड नायलॉनच्या दोऱ्याने दुहेरी शिवून घ्या, चपला शिवणाराही हे काम चांगलं करतो. कमरपट्ट्याच्या बकलाच्या रुंदीचं एक जास्तीचं बकल विकत घ्या, शिवण न उसवता बसवता येतं असं, आणि झाकणाच्या कप्प्यात टाकून ठेवा. प्लास्टिक थंडीत ठिसूळ होतं आणि बकल तुटतं ते बहुधा कुणीतरी सॅकवर बसल्यामुळे. लोंबणाऱ्या पट्ट्यांची टोकं गुंडाळून रबराने बांधा. जाळीची पाठ असेल तर कॅम्पवर पोहोचताच ती झटकून तंबूत आणा, रात्रभर बाहेर ठेवू नका.